वफीयाने निवडलेलं कॅबिनेट

गानिमने बसऱ्यात एकतीस वर्षं लग्नांचं चित्रीकरण केलं. पुरुषांकडचं तो करायचा, बायकांकडचं त्याची बायको वफीया. बायकांच्या खोलीत केस मोकळे सुटतात, बाह्या वर जातात आणि अशी गाणी होतात की नवरदेवाने ऐकली तर आठवडाभर मान वर करणार नाही. त्या खोलीत कॅमेरा घेऊन जायची मुभा आमच्या भागात एकट्या वफीयाला होती. आत शिरताना ती शब्द द्यायची, "हे माझ्या माणसाच्याही नजरेला पडणार नाही." तो तिने पाळला. त्या कॅसेटी तीच तपासायची, तीच कापाकापी करायची, आणि तेवढा वेळ गानिम अंगणात बसून वाळल्या लिंबाचा चहा पीत राहायचा. घरातलं अर्धं काम त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांना मूल नव्हतं. आमच्याकडे अशा माणसाला नावं ठेवत नाहीत, 'अबू गायब' म्हणतात, अजून न आलेल्याचा बाप. गानिमला सगळे तसंच म्हणत, आणि वफीयाला 'उम्म गायब'. मी त्यांची शेजारीण. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले तरी गल्ली मला 'सित्त नजीबा', म्हणजे नजीबाबाईच, म्हणायची.

उन्हाळ्याने कॅसेटी चिकटायला लागल्या तेव्हा दोघांनी चार वर्षं खपून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. उतरवलेल्या कॅसेटी टाकून दिल्या. त्यांतल्या निम्म्या तशाही पुन्हा चालण्यासारख्या नव्हत्या. मागे राहिल्या वेगवेगळ्या वयाच्या हार्ड डिस्क, बिस्किटांच्या डब्यात रुमालात गुंडाळून ठेवलेल्या. लोक यायचे. लग्न बघायला क्वचितच कुणी येई. कुणाला आई बघायची असे, कुणाला युद्धात गेलेला भाऊ. कुठल्या तरी लग्नात तो ताटावर वाकून जेवत असायचा, तेवढंच.

मग एक डिस्क टकटक करत बंद पडली आणि अकरा लग्नं गेली. त्या अकरांत एका बाईचा एकुलता मुलगा होता. गानिम तिच्या घरी सांगायला गेला आणि परत येऊन दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता सगळ्या डिस्क एका मशीनमध्ये घालतो. घरातच सर्व्हर करतो. एखाद-दुसरी मेली तरी बाकीच्यांनी तिचं सांभाळलं पाहिजे."

त्यासाठी कॅबिनेट हवं होतं. वफीयाने मलाही ओढून नेलं. "चल गं नजीबा, हा आणि तो दुकानदार मिळून माझ्या बैठकीत विमान आणून ठेवतील."

दुकानदार राफिद चाळिशीचा, जिभेचा तिखट. त्याने आधी एक लहान काळी पेटी पुढे केली. चार डिस्कची.

"नऊ हव्यात," गानिम म्हणाला.

"काका, नऊ? तुम्ही बसऱ्याची लग्नं ठेवताय की बगदादची पण?"

"ही चारांतच भाजून निघेल," गानिमने पेटी उलटी करून पाहिली. " मागे एवढासा पंखा."

मग राफिदने मोठं कॅबिनेट ओढून काढलं. त्याचं तोंड म्हणजे पूर्ण जाळी, आत तीन पंखे ओळीने. गानिमने जाळीवर हात फिरवला, डिस्कच्या खाचांत बोट घालून प्रत्येकीच्या मधलं अंतर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "हे बघ, उम्म गायब. वारा समोरून येतो, प्रत्येक डिस्कवरून जातो, मागून बाहेर पडतो. आपल्या उन्हाळ्याला हेच."

"आणि आपल्या धुळीला? वादळात हे अख्खं वाळवंट गिळेल."

"जाळी धुवायची."

"तू धुणार? चहाचा पेला धुतलायस कधी?" राफिद हसला. वफीया हसली नाही. ती खाली वाकून बघत होती. "याला दार कुठंय?"

"दार कशाला?"

"कुलूप लावायला."

गानिम म्हणाला, "अगं, आतल्या फायलींना पासवर्ड असतो. तूच घाल, मला सांगू नकोस."

"पासवर्ड मला दिसत नाही. उद्या कुणाची सासू येईल आणि विचारेल, आमचं कुठे ठेवलंयस? तिला काय दाखवू, जाळी? कुणीही हात घालून डिस्क ओढून नेईल. अबू गायब, मी त्या बायांना शब्द दिलाय. मला दार हवं आणि दाराला किल्ली हवी."

तसं कॅबिनेट राफिदकडे एकच होतं. बंद पडलेल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसातून आलेलं, जाड पत्र्याचं, करड्या रंगाचं. नऊ खाचा, समोर भरीव दार, पितळी किल्ली. वारा तळाच्या फटींतून आत येई आणि कॅबिनेटच्याच छतातले दोन मोठे पंखे तो वर ओढून बाहेर टाकत. गानिमने ते चालू करून छतावर कागद धरला. कागद वर उडाला. तरी तो वळून वळून त्या जाळीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेतल्या मुलीचा भाव होता: उत्तर येतंय, पण दुसरं लिहायचंय.

"समोरचा वारा बरा असतो," तो शेवटी म्हणाला.

"असेल," वफीया म्हणाली. "पण त्या खोलीत तू नव्हतास."

त्यावर त्याने राफिदला सांगितलं, "हेच बांध."

कॅबिनेट बैठकीत बसलं, कारण घरात तेवढ्याच खोलीला चांगला एसी होता. सरकारी वीज गेली की एसी बंद व्हायचा, पण मशीनला गानिमने गल्लीच्या जनरेटरची वायर जोडली होती. मला त्याने समजावलं होतं: नऊपैकी दोन डिस्क मेल्या तरी एकही लग्न जात नाही, तिसरी मेली की सगळंच जातं. नव्या डिस्क पाच घेतल्या, चार जुन्याच रिकाम्या करून घातल्या. "दुसरी प्रत?" मी विचारलं होतं. "थंडीत करू, सित्त. आधी हे एकदा नीट लागू दे."

ऑगस्टमधल्या एका पहाटे वफीया नमाजाला उठली आणि हातपाय धुता धुता तिथेच बसली. हृदय. हॉस्पिटलपर्यंत पोचली नाही.

ऊन चढायच्या आत पुरुष तिला घेऊन नजफला निघाले. दफन तिथे, आमच्यातल्या सगळ्यांचं होतं तसं. गानिम गाडीत पायाशी बसला. त्या वेळी त्याला मशीन आठवलं असतं तर मीच त्याला बोल लावला असता.

घरात आम्ही बायका. गानिमची बहीण मदीहा सगळं बघत होती. वफीया तिची वहिनी, पण तिनेच मदीहाला वाढवलं, तिचं लग्न केलं, तिच्या लग्नातल्या बायकांचं चित्रीकरणही केलं. मदीहाने आरशांवर चादरी टाकल्या. टीव्ही बंद करून त्यावर काळं कापड घातलं. घरात माणूस गेलं की चाळीस दिवस चित्र आणि गाणं झाकलेलं असतं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. कॅबिनेटच्या दाराच्या कडेला एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे पण झाकायला हवं," ती म्हणाली. "यात तर सगळी लग्नंच आहेत."

तिने खुंटीवरचा वफीयाचा जाड हिवाळी अबाया काढला, वास घेतला, आणि दुहेरी घडी करून कॅबिनेटवरून सोडला. एक बाजू घसरत होती. ती मी धरली आणि नीट खोचली. मी. राफिदच्या दुकानात छतावरून उडालेला कागद या माझ्याच डोळ्यांनी पाहिला होता.

पुरुष दुसऱ्या दिवशी परतले आणि गल्लीतल्या मांडवात बसले. तीन दिवस फातिहा, दुखवट्याची बैठक. बैठक बायकांची, तिथे गानिमने पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता. बाहेर पन्नास अंश, आत चाळीस बायका, वीज दिवसातून चार तास. दुसऱ्या दुपारी कोपऱ्यातून बारीक आवाज यायला लागला, तुटक, चढा, थांबून थांबून.

"ऐका गं," एक म्हातारी म्हणाली, "तेसुद्धा रडतंय. त्यालाही कळलं."

सगळ्याजणी पुन्हा रडल्या. मीही रडले. तो आवाज काही थांबेना, तेव्हा मदीहाने उठून अबायावर एक रजई टाकली, झोपलेल्या मुलावर टाकावी तशी. मग ऐकू येईनासा झाला.

चौथ्या दिवशी बायका पांगल्या. मी पेले गोळा करत होते तेव्हा गानिम आत आला. दाराशीच थांबला. त्याने रजई काढली, अबाया काढला, छतावर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पंखे फिरत नव्हते. त्याने तारा काढल्या, अबाया मांडीवर घेऊन जमिनीवर बसला.

"कुणी?" त्याने विचारलं.

"मदीहाने. आणि मी." मी पेले खाली ठेवले. "गानिम, मी मूर्ख आहे. ते इशारा देत ओरडत होतं, आम्हाला रडणं वाटलं."

"मदीहाला माहितीय, काय झालं ते?"

"नाही."

"मग सांगू नका, सित्त." तो अबायाची घडी घालत होता, चुकत होता, पुन्हा घालत होता. "तिला आई नव्हती. वफीयाच होती. आता तीही नाही. यावर हे आणखी नको."

मशीन गार झाल्यावर त्याने ते लावून पाहिलं. चार डिस्क मेल्या होत्या. एक जुनी, तीन नव्या. बगदादला पाठवल्या, तिथून तशाच परत आल्या. त्या काढायला कॅबिनेटचं दार त्याने वफीयाच्या किल्लीने उघडलं होतं, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाला, "भरल्यापासून पहिल्यांदाच उघडतोय. तिची हरकत नसावी. आत काही नाहीये."

चाळिसाव्याला मदीहाने आपल्या हाताने आरसे उघडले, टीव्हीवरचं कापड काढलं, आणि भावासमोर येऊन बसली. "आता लाव ना ते. माझं लग्न लाव. तुला नाही बघायचं, मला माहितीय, तू बाहेर जा. मला वहिनीचा आवाज ऐकायचाय."

गानिम म्हणाला, "बिघडलंय ते, मदीहा. सगळं गेलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. मी जुन्या डिस्क घातल्या होत्या. चूक झाली माझी."

 मग तिचा तोल गेला. "एकतीस वर्षं ती बाई तुझ्यामागे कॅमेरा घेऊन फिरली! आणि तू चार नव्या डिस्क घेतल्या नाहीस? कशाला राहिलास तू तिच्यामागे? एवढंच एक काम होतं तुला! एवढंच!"

"हो," गानिम म्हणाला.

माझं तोंड उघडलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं. त्यानंतर मदीहा दीड वर्ष त्याच्या घरी आली नाही. गावातल्या बायकाही येऊन बोलून जात, कुणी रडून, कुणी शिव्या देऊन. प्रत्येकीला तो दारातच उभा राहून तेच सांगायचा. मदीहा दोन वर्षांपूर्वी गेली. तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता कळायची भीतीही नाही, म्हणून आज हे लिहिते आहे.

वफीया गेली त्याच हिवाळ्यात मी एक गोष्ट केली. लग्नाची एक प्रत घरच्यांना दिलेली असायची. बहुतेकांच्या युद्धात, घरं बदलताना, ओलीत गेल्या. पण नहला नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे तिच्या लग्नाची, बायकांकडची कॅसेट होती आणि ती चालवणारं यंत्रही. मी जाऊन बसले. चित्र हलत होतं, रंग उडालेले. वफीया कुठेच दिसली नाही, ती कॅमेऱ्यामागे. पण आवाज होता.

मी नहलाच्या सासूला विचारलं, "चित्र नको, नुसता आवाज फोनवर घेऊ? गानिमसाठी."

म्हातारी वाईट नव्हती. डोळे पुसत म्हणाली, "सित्त, त्यात आमचे सगळ्यांचे आवाज आहेत. काय काय गायलो होतो आम्ही. त्यातल्या तिघीजणी आता मातीत आहेत. त्यांना कुठे विचारू? आम्ही उम्म गायबच्या शब्दावर गायलो होतो."

 मग मी कॅसेट तीनदा ऐकली, आणि पाठ केली. पोरींकडून नद्यांची नावं पाठ करून घेण्यात माझा जन्म गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गानिम अंगणात ऊन घेत बसला होता. मी समोर बसले आणि सांगितलं. वफीया आधी नवरीला म्हणते, "मान वर कर गं राणी, जमिनीशी नाही लग्न लागत तुझं." मग कुणाला तरी, "सरक, तुझ्या पाठीचं लग्न नाहीये." आणि शेवटी, तोंडात खजुराच्या बिस्किटाचा घास असताना, "बाहेर माझा माणूस थांबलाय. त्याला सांगू नका गं, हा माझा सहावा क्लेचा आहे."

गानिम ऐकत होता. "हसली?"

"दोनदा. एकदा पाठीच्या वेळी, एकदा शेवटी."

"शेवटी कशी?"

ते मला करून दाखवता येईना. मी प्रयत्न केला, आणि माझंच खोकल्यासारखं हसू निघालं. त्याने हात वर करून मला थांबवलं, रागाने नाही.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. त्यानंतर तो कधी आठवड्याने, कधी महिन्याने यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि उठताना म्हणायचा, "सित्त, ते एकदा." वसंतात केव्हातरी सांगताना मी म्हणून गेले, "बाहेर माझा नवरा थांबलाय."

"माणूस," गानिम म्हणाला. "माझा माणूस थांबलाय, म्हणाली होती."

"हो," मी म्हटलं. "माणूस."