अंगठ्याच्या बाजूने

माझी मावशी साठी ओलांडल्यावर मारामारी शिकायला लागली, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसलो होतो. कारण मावशी मशीनवर बसली काय आणि उभी राहिली काय, उंचीत फारसा फरक पडत नाही, आणि तिच्या हातून आजवर मेलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे जुन्या कोटातली कसर.

तिचं काम अल्टरेशनचं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक कपड्यांचं दुकान आहे, त्याच्या जिन्याखाली तिचं मशीन. लोक वर जाऊन कपडे विकत घेतात, घरी जाऊन घालून बघतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपण काचेतल्या पुतळ्याच्या मापाचे नाही. तिथून पुढचं सगळं मावशीकडे. पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. ‘अख्ख्या गावाची पोटं मी पोटात घातलीत,’ असं ती म्हणायची.

हे काम तिला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा शेजारी एक शिंपी होता. त्याच्या दारात उभी राहून, बघून बघून ती शिकली. त्यामुळे बघितलं की काहीही येतं यावर तिचा गाढ विश्वास. मोबाइल हातात आल्यावर तर विचारूच नका. मिक्सर कसा उघडायचा, चष्म्याची दांडी कशी बसवायची, सगळं ती व्हिडिओत बघायची आणि करायची. रीत मात्र मशीनवरचीच. आधी चिंधीवर. नवी शिवण असली की टाकाऊ कापडावर ती घालायची, उसवायची, परत घालायची. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाली, “हाताला कळलं पाहिजे. डोक्याला विचारत बसलं की सुई बोटात जाते.”

काका प्लंबर. उंच, हाडापेराने मोठे, आणि पंजा म्हणजे दुसरा पानाच. त्यांनी आवळलेला नळ पुढे सोडवायलाही त्यांनाच बोलवावं लागे. त्यांचा अर्धा धंदा यावरच चालतो, असं मावशी त्यांच्या तोंडावर सांगायची आणि काका मान खाली घालून हसायचे.

मग काका विसरायला लागले. आधी पाना कुठे ठेवला ते, मग गिऱ्हाइकाचं घर, मग स्वतःचं. मग माणसं. आठवणीतून मी गेलो, त्यांची मुलगी गेली. मावशी सगळ्यात शेवटी विसरली गेली आणि या गोष्टीचा तिला थोडा अभिमान होता.

संध्याकाळ झाली की काकांना घरात चोर दिसायचा. चोर म्हणजे मावशी. ती दिवा लावायला उठली की ते तिचं मनगट धरायचे आणि माझा पाना कुठे नेतेस म्हणून विचारायचे. ओढलं की पकड आणखी घट्ट. मनगटावर काळेनिळे वळ उठायचे. जगाच्या बाह्या आखूड करणाऱ्या बाईने स्वतःच्या बाह्या खाली सोडून घेतल्या. पण एकदा भांडी घासताना ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्या वर सारलेल्या पाहिल्या. ताई ओरडली नाही. पुन्हा असा वळ दिसला तर बाबांना अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं, एवढंच सांगून ती गेली. आणि ताई बोलली की बोलली.

तेव्हापासून मावशी मारामारीचे व्हिडिओ बघायला लागली. त्यात काळ्या टी-शर्टातला एक दणकट माणूस होता, त्याला ती मास्तर म्हणायची. मास्तर आधी डोळ्यात बोट घालायला शिकवायचा, मग गळ्यावर मारायला, मग गुडघा. मावशीने कपाळाला हात लावला. “मला शिवण उसवायची आहे रे,” ती मला म्हणाली, “हा तर कापडच फाडतोय.”

तिने व्हिडिओखाली प्रश्नही लिहिला होता. समोरचा माणूस आजारी असेल आणि त्याला लागू द्यायचं नसेल तर काय करावं? उत्तरात मास्तरकडून एक मूठ आणि एक अंगठा आला. मावशीने तो आशीर्वाद समजून घेतला.

शेवटी हवा तो धडा सापडला. कुणीही मनगट धरलं तरी अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते. आपलं मनगट तिकडे वळवायचं, कोपर पुढे घालायचं आणि झटक्यात हात काढायचा. जोर लागत नाही. मावशीला दोऱ्याचं टोक सापडल्यासारखं झालं. राहता राहिली चिंधी. ती मी.

सुट्टीच्या दुपारी मी जायचो, मनगट धरायचो, ती सोडवायची. मी लाजत धरलं की तिला राग यायचा. “नीट धर की. मुलगी बघायला आलायस का?” व्हिडिओतला हल्लेखोर फार सज्जन असतो. तो धरतो, थांबतो आणि सुटल्यावर हसत मागे सरकतो. मीही तसाच, फक्त बिनपगारी. काका असे थांबणार नाहीत, असं मी तिला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, म्हणून तर परत धर. हळूहळू असं झालं की मी गप्पांच्या नादात सहज जरी तिचं मनगट धरलं तरी हात निसटलेला असायचा आणि तिला कळायचंही नाही.

आणि खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. संध्याकाळी काका धरायचे, ती सुटायची, स्वयंपाकघरात जाऊन जरा थांबायची आणि चहा घेऊन बाहेर यायची. सापडला का हो पाना, विचारायची. तोवर काका चोर विसरलेले असायचे. वळ गेले, बाह्या पुन्हा वर आल्या, ताईने संस्थेचा विषय काढणं सोडलं. मी मनातल्या मनात मास्तरला पैकीच्या पैकी दिले.

एके दिवशी सकाळी काका अंघोळ करून बाहेर येत होते. मावशी टॉवेल घेऊन दारात उभी. फरशी ओली. काकांचा पाय सरकला आणि त्यांनी समोर जे होतं ते धरलं. मावशीचं मनगट.

हाताला कळलं. मनगट अंगठ्याकडे वळलं, कोपर पुढे गेलं, हात मोकळा झाला. मास्तरनेही पाहिलं असतं तर नावं ठेवली नसती. काका उंबऱ्यावर पडले आणि खुबा मोडला. व्हिडिओत खाली निळी गादी असते.

हॉस्पिटलच्या बाकावर मावशी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसली होती, दुसऱ्या कुणाची वस्तू मांडीवर ठेवल्यासारखी. मी काहीबाही बोलत होतो. फरशी ओली होती, एवढ्या मोठ्या माणसाचं वजन तू कशी पेलणार होतीस, तूही पडली असतीस. सगळं खरं होतं. ती म्हणाली,

“ते चोराला धरत नव्हते रे. मला धरत होते.”

तिने उजवा हात उलटा करून पाहिला.

“पडताना ‘अगं’ म्हणाले. वर्षभरात कुणाला म्हणाले नव्हते.”

काका आता संस्थेत आहेत. ताईला बोलावं लागलं नाही. मावशीनेच बॅग भरली, त्यात पानाही ठेवला. ती दुपारी मशीन झाकते आणि तिकडे जाते. माझ्या ऑफिसातली एक मुलगी परवा विचारत होती, असे व्हिडिओ बघून खरंच येतं का? मी म्हणालो, हात सोडवायला येतं.

मागच्या आठवड्यात मी मावशीबरोबर गेलो. काका झोपून होते. ओळख नाही, बोलणं नाही, पण मावशीचं मनगट हाताला लागल्याबरोबर त्यांनी ते धरलं. पंजा तोच. भेटायची वेळ संपली तशी तिथली आया आली. तिने काही ओढलं नाही. काकांच्या हाताच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली, बाबा बाबा करत काहीतरी पुटपुटत राहिली आणि करंगळीपासून एकेक बोट आपोआप सैल पडत गेलं. मावशी टक लावून बघत होती. बघायची सवय तिची. मला वाटलं, आता म्हणेल, परत एकदा दाखव.

अंगठा तेवढा उरला होता. मावशीने आयाचा हात बाजूला केला, काकांची बोटं एकेक करून पुन्हा आपल्या मनगटावर मिटली आणि म्हणाली, “राहू दे. धरू दे अजून थोडं.”