मागची गादी

आत्यांबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे मला स्वतःबद्दल वाईट लिहावं लागतं. दुसरा इलाज नाही. म्हणूनच गेलं वर्षभर मी हे लिहायचं टाळत आलो.

आत्या माझ्या कोणी लागत नाहीत. गॅरेजांच्या गल्लीत टायरवाला आणि गाड्यांचा रंगारी यांच्यामध्ये एक अरुंद शटर आहे. तिथे त्या मोटरसायकलच्या गाद्या शिवतात. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणते, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला टायरवालासुद्धा. वय साठीच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडात टाचण्या नसतील तेव्हा अखंड बडबड. आधी त्या बॅगांच्या कारखान्यात शिलाईला होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडत घरी गेल्या आणि आत्या मालकाशी भांडून रेक्झिन शिवायचं एक जड मशीन घेऊन आल्या. स्वतः मात्र त्या गाडीवर बसत नाहीत. दोन चौक पुढे गेलं की त्यांना गरगरतं. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा नवरा स्कूटरवर आणि या मागून बसने, हे त्या स्वतःच हसत सांगतात. दिलेल्या तारखेला काम हातात पडलं असं एकही गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. त्यांचा मंगळवार म्हणजे कुठलाही मंगळवार.

कामाची तऱ्हाही न्यारी. फूटपट्टी अगदी शेवटी. आधी जुनी गादी उसवायची, आतला फोम अंगठ्याने दाबून दाबून बघायचा, आणि मग गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून ठेवायचं. गाडी मेन स्टँडवर, शटरच्या आत, चांगला अर्धा तास. पहिली दहा मिनिटं सगळ्याच गाद्या गोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. माणूस नुसता बसू नये म्हणून त्या त्याच्या हातात दोऱ्यांचा गुंता देतात आणि सोडवायला लावतात. एका पोलीस अधिकाऱ्याला मी तिथे मुकाट्याने दोरा सोडवताना पाहिलं आहे.

आता माझ्याकडे येतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून विचारतो आहे, ‘हे बरं दिसतं की हे?’ माणसाने दहादा मत बदललं तरी मी कंटाळत नाही. माझ्या सबुरीचं लोक कौतुक करतात आणि मीही ते ऐकून घेतो.

मुलं शिकून नोकरीला लागली की दोघांनी मोटरसायकलवरून महिनाभर लांब जायचं, हे लग्नाच्या वर्षीच ठरलं होतं. ठरवलं होतं बायकोने. तिच्या वडिलांकडे मोटरसायकल होती आणि टाकीवर बसून हिंडण्यात तिचं अर्धं लहानपण गेलं होतं. आमची एकुलती मुलगी नोकरीला लागली तेव्हा मी सत्तावन्नचा होतो. गाडी निवडायचं काम मी अंगावर घेतलं. अंगावर कसलं, अंगात आल्यासारखं दोन वर्षं केलं.

एक वही घातली. हँडल किती उंच हवं म्हणजे माझी पाठ वाकणार नाही, मनगटांवर किती भार येतो, पुढची काच वारा डोक्यावरून नेते की हेल्मेटवर आदळवते, इंजिनाची थरथर कोणत्या वेगाला हातात येते, टाकी एकदा भरली की किती पल्ला. आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत: सिग्नलला थांबल्यावर माझे दोन्ही तळपाय सपाट टेकतात की नाही. मी उंचीने बेताचा. दोन उत्तम गाड्या मी केवळ टाचा उचलल्या जातात म्हणून नाकारल्या. चार शोरूम झाली, अकरा फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला बायको बरोबर होती. विक्रेता म्हणाला, ‘वहिनींनाही मागे बसवून बघा ना.’ मी म्हणालो, ‘तिला काय बघायचंय? तिला नुसतं मागे बसायचंय.’ विक्रेता हसला. बायको माहितीपत्रकाने वारा घेत उभी होती. तिच्या कानावर गेलं का, हे मी वळून पाहिलंही नाही.

गाडी खरंच चांगली होती, माझ्यासाठी. पहिल्या वर्षी दर रविवारी आम्ही दोघं जवळपास हिंडलो. मग आठ दिवसांची रंगीत तालीम करायला निघालो आणि तिसऱ्या दिवशी परतलो, कारण तिला पित्त झालं. दुसऱ्या खेपेला तिला पेपर तपासायचे होते. ती शाळेत गणित शिकवते. तिसऱ्या खेपेचं कारण मला आठवतही नाही. मग मी एकटाच जायला लागलो. आमच्या गाडीवाल्या टोळक्याची एकदा घरी बैठक झाली, तेव्हा मी म्हणालो, ‘आमची गाडी सातशे किलोमीटर हूं की चूं करत नाही. मागचं सामान मात्र शंभरावर कुरकुरायला लागतं.’ सगळे खो खो हसले. चहाचा ट्रे घेऊन आलेली बायकोही हसली. हे वाक्य मी पुढे आणखी दोन ठिकाणी वापरलं. लिहिताना हात जड होतो, पण वापरलं.

शेवटी मी ठरवलं की महिनाभराचा तो मोठा प्रवासही टोळक्याबरोबर, एकट्यानेच उरकायचा. बायको ‘जा की’ म्हणाली. निघायच्या आधी माझ्या बुडाखालची गादी जरा मऊ करून घ्यावी म्हणून मी आत्यांच्या शटरपाशी पोचलो.

‘आणि ही मागची काढूनच टाका,’ मी म्हणालो. ‘तिथे सामानाला सपाट फळी बसवा. मागे बसणारं आता कोणी राहिलं नाही.’

आत्यांनी तोंडातल्या टाचण्या हातावर घेतल्या. ‘अरेरे! कधी गेल्या?’

‘गेली नाही हो! घरी आहे, ठणठणीत आहे. तिला प्रवास झेपत नाही, शंभर किलोमीटरवर कुरकुरते, एवढंच.’

‘असं त्या म्हणाल्या?’

‘म्हणायला कशाला हवं? दिसतंच की.’

 आत्यांनी गादी काढली, पालथी घातली, कव्हर सोलून बाजूला टाकलं आणि अंगठ्याने दाबत दाबत पुढून मागे गेल्या. मागे पोचल्यावर बराच वेळ थांबल्या.

‘इकडे या, साहेब. हा पुढचा भाग तुमचा. दोन्हीकडे सारखा बसलाय, झकास. तुमचं काही दुखत असेल तर ते वयाचं. आता हा मागचा बघा.’

मागच्या फोमची उजवी बाजू चेपून पुठ्ठा झाली होती. डावी मात्र गाडी घेतली त्या दिवशी होती तशीच फुगलेली. पुढचा काठ चुरगळलेला, मागचा कोराकरकरीत. आत्या उठून गाडीपाशी गेल्या आणि मागे धरायच्या दांडीवरून त्यांनी बोट फिरवलं. दांडीचा रंग उडून आतलं लोखंड दिसत होतं, आणि उजव्या अंगाला बारीक ओरखडे होते.

‘घड्याळ उजव्या हातात घालतात का?’

घालते. डाव्या हातात वही आणि उजव्या हातात खडू असतो, फळ्यावर लिहिता लिहिता वेळ दिसावी म्हणून.

‘या बाईंनी सगळा प्रवास उजव्या खुब्यावर आणि दोन हातांवर केलाय,’ आत्या म्हणाल्या. ‘डावा खुबा टेकवतच नाहीत. त्यातून ही गादी पुढे उतरती. माणूस घसरतं, म्हणून मागे दांडीला लोंबकळायचं. शंभर किलोमीटर म्हणालात ना? धन्य आहे बाईंची. काय झालंय त्यांच्या डाव्या खुब्याला?’

मला ठाऊक नव्हतं. जिच्याशी एकतीस वर्षं संसार केला तिच्या दुखण्याची बातमी मला फोमच्या तुकड्यावरून कळत होती, तीही अर्धी. टायरवाला हातातलं काम सोडून ऐकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘विचारून सांगतो,’ असं काहीतरी मी पुटपुटलो.

‘विचारून सांगू नका, घेऊन या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी गादी शिवत नाही.’ एवढं बोलून त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

दोन दिवस माझं तोंड उघडलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाला ‘हे बरं दिसतं की हे?’ विचारताना प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होती. मी समोर बसलो आणि चोरासारखं विचारलं, ‘तुझा डावा खुबा दुखतो का गं?’

तिचा लाल पेन थांबला. ‘कोणी सांगितलं?’

‘गादी शिवणाऱ्या बाईंनी.’

‘त्यांना कसं कळलं?’ तिने नवलाने विचारलं. मग म्हणाली, ‘शाळेच्या जिन्यावरून पडले होते ना मी, तेव्हापासून. अकरा वर्षं झाली. तुम्ही मलम आणून दिलं होतंत.’

‘अगं, मग गाडी घेताना बोलली का नाहीस?’

‘बोलणार होते. त्याआधी तुमची वही वाचली.’ ती शांतपणे पेपरांचे कोपरे जुळवत राहिली. ‘तुमची पाठ, तुमची मनगटं, तुमचे तळपाय. माझ्याबद्दल दोन वर्षांत एक ओळ होती. मागचं वजन, बासष्ट किलो. तीसुद्धा चुकीची. माझं अठ्ठावन्न आहे, अहो.’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पित्त, पेपर, सगळ्या सबबी तिने माझी गाडी वाईट ठरू नये म्हणून शोधल्या होत्या, आणि मी चारचौघांत तिला सामान म्हटलं होतं. त्या टेबलावरून उठून कुठे तोंड लपवावं ते मला समजेना. ‘उद्या चलशील का त्यांच्याकडे?’ एवढंच कसंबसं विचारलं. ती येते म्हणाली.

आत्यांनी तिला गाडीवर बसवलं, हातात निळ्या दोऱ्याचा गुंता दिला आणि मला जमिनीवरच्या उलट्या डब्याकडे बोट दाखवलं. दोघींचं जे सुरू झालं ते मी खालून ऐकत होतो. किती वेळाने दुखायला लागतं, कळ गुडघ्यापर्यंत जाते की पोटरीपर्यंत, खड्डा आला की काय करता. बायको एकेक गाठ सोडवत सगळं सांगत होती, बारीकसारीक, घाई न करता. वर्गात प्रमेय समजावते तशी. कळ पोटरीपर्यंत जाते. खड्डा आला की ती श्वास धरते. रात्रीच्या मुक्कामी पहिली दहा मिनिटं ती आधी बॅग उघडायचं नाटक करत वाकून उभी राहायची, कारण सरळ होता यायचं नाही. त्या बॅगेवरून मी तिला हसलो होतो, की हिला उतरल्या उतरल्या कपडे मोजायचे असतात.

अर्धा तास झाल्यावर आत्यांनी खडूने गादीवर रेघा मारल्या. मग माझ्याकडे वळल्या. ‘होईल. मागची गादी रुंद आणि सपाट करते, डाव्या खुब्याखाली मऊ फोम घालते. पण जागा तुमच्यातून काढावी लागेल. पुढची गादी मागून तीन बोटं कापायची आणि दोन बोटं उचलायची, नाहीतर उतार जात नाही. मग तुमचे पाय सपाट टेकणार नाहीत. चवड्यांवर उभं राहावं लागेल. करू?’

मी ताबडतोब हो म्हणालो, असं इथे लिहायची फार इच्छा आहे. मी म्हणालो, ‘दुसरा काही उपाय नाही का?’

 मी बायकोकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होतो की ही नेहमीसारखी ‘राहू द्या हो, आहे तेच ठीक आहे’ म्हणेल आणि मला सोडवील. ती म्हणाली नाही. गुंता बराचसा सुटला होता, उरलेल्या गाठीवर तिची नजर होती आणि बोटं थांबली होती. आत्या बोटांवरची खडूची पूड पुसत होत्या. तिघांपैकी मलाच बोलायचं होतं.

‘करा,’ मी म्हणालो. पण ते किती वेळाने म्हणालो हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

मंगळवारी मिळायची गादी अर्थातच तिसऱ्या मंगळवारी मिळाली. टोळकं पुढे निघून गेलं. आम्ही दोघंच निघालो, सकाळी नऊला. पहिल्या मोठ्या सिग्नलला मी गाडी थांबवली आणि दोन्ही चवड्यांवर कसाबसा तोल धरून उभा राहिलो. पोटऱ्या थरथरत होत्या. मागून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे वाकून विचारलं, ‘पाय पुरतात ना हो?’

निघून आम्हाला सहा मिनिटं झाली होती, आणि तिचं दुखणं विचारायला मला अकरा वर्षं लागली होती. मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि सिग्नलकडे बघत राहिलो.