कोपरा फाटलेलं पत्र

कळव्याच्या मिठागरात राबणारी तुळसा कुणाच्या बापाला भ्यायची नाही. अफगाणांशी लढाई जुंपली तेव्हा तिचा नवरा धाकू पलटणीबरोबर कंदाहारकडे गेला. दुसऱ्याकडून लिहून घेतलेली त्याची पत्रं अधूनमधून यायची. एकदा आलेल्या पत्राचा कोपरा फाटका निघाला. फाटका कोपरा म्हणजे मरणाची बातमी, असलं पत्र कुणी घरातही घेत नाही. गावात वाचता येणाऱ्या एकुलत्या एका माणसाने त्याला हातसुद्धा लावला नाही. न वाचताच गावाने धाकूला मारून टाकलं! सासूने हंबरडा फोडला, बायका तुळसाच्या बांगड्या फोडायला सरसावल्या.

“पयलं वाचा, मंग रडा!” तुळसा कडाडली. बायकांना झिडकारून, पत्र कमरेला खोचून ती होडीने ठाण्याला गेली. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या श्रीपादपंतांनी ते वाचलं. ‘मी खुशाल आहे. कागदाचा कोपरा उंटाने खाल्ला. दुसरा कागद मिळेना, म्हणून यावरच लिहवलं. घाबरू नको.’

संध्याकाळी ती परतली तेव्हा चूल थंड होती आणि बायका अजून रडत होत्या. तिने मजकूर सांगितला. मग सगळ्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत हिरव्यागार नव्या बांगड्या होत्या.

“पत्र ऐकून आनंदानं भरल्यास व्हय गं?” सासूने डोळे पुसत विचारलं.

“नाय. पयलं कासाराकडं गेले, मंग पंताकडं.”