धनेश शिलेदारचे जवाब

गिऱ्हाइकानं शिव्या दिल्या की धनेश शिलेदारला मनापासून आनंद व्हायचा. खोटं नाही सांगत. दुसऱ्या कुणाच्या धंद्याला लोकांनी नेटवर एक तारा दिला तर बिचाऱ्याच्या घशाखाली जेवण उतरत नाही. हा गृहस्थ सकाळी उठल्याबरोबर आधी तेच बघायचा, आज कुणी दिलाय का एक तारा. कारण तक्रारीच्या खाली मालकाला जवाब लिहायला जागा असते, आणि त्या जागेवर धनेशचा जीव होता.

इंदुरात, तुकोगंजच्या मागच्या गल्ल्यांमध्ये त्याचं 'झपाट नेट' चालायचं. आधी वडिलांचा केबल टीव्हीचा धंदा होता. तो बसायला लागला तसं धनेशनं त्याच खांबांवरून आणि त्याच गच्च्यांवरून फायबरची वायर ओढली आणि घराघरांत वायफाय पोचवलं. पणजोबा म्हणे होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडा गेला, तलवार गेली, कुणासमोर मान खाली घालायची नाही ही ऐट तेवढी घराण्यात राहिली, आणि ती सगळीच्या सगळी धनेशच्या जिभेवर येऊन बसली.

त्या जिभेला खतपाणी घातलं मराठी मंडळानं. रंगपंचमीच्या संध्याकाळी मंडळात 'टायटल' द्यायची जुनी पद्धत. अंगावरचा रंग धुऊन, पांढरे कपडे घालून सगळी मंडळी जमणार. मग एकेकाला स्टेजवर बोलावून त्याच्या गळ्यात फ्लॉवर-वांग्याचा हार घालायचा आणि त्याचं टायटल भर सभेत वाचायचं. नियम एकच, ज्याला टायटल मिळालं त्यानं हसायचं. जो चिडला तो मेला, त्याला पुढे वर्षभर त्याच नावानं हाका मारणार. ही टायटलं किती तरी वर्षं धनेशच लिहायचा. टकल्यांवर लिहायचा, लठ्ठांवर लिहायचा. एका वर्षी तर ज्याची मुलगी घरातून पळून गेली होती त्या बापालाही त्यानं सोडलं नाही. तो बापही हसला. स्टेजवर, गळ्यात वांगी घालून उभा माणूस दुसरं काय करणार होता?

तर हीच कला धनेशनं धंद्यात आणली. अप्पासाहेब म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ होते, त्यांनी लिहिलं की लाइनमन येतो म्हणतो आणि येत नाही. धनेशनं खाली लिहिलं, "अप्पासाहेब, लाइनमन आया था, घंटी भी बजाई थी. नेट बाद में देखेंगे, पहले कान की मशीन चालू कर लो." लाइनमन गेलाच नव्हता, आणि अप्पासाहेबांना कमी ऐकू यायचं हे मात्र खरं होतं. सकाळी पोह्यांच्या दुकानावर कुणीतरी तो जवाब मोठ्यानं वाचला, आणि लोकांच्या नाकातोंडातून शेव बाहेर आली. त्या दिवसापासून रिवाजच पडला. धनेश दुकानावर पोचायचा अवकाश, की कुणीतरी विचारणारच, "भिया, आज किसकी ली?", म्हणजे भाऊ, आज कुणाची खेचली. अप्पासाहेबांनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. गल्लीत कुणीच सहसा करेना, आणि धनेश बायकोला सांगायचा की बघ, आपली सर्व्हिस किती सुधारली.

बायको म्हणजे सुरभी. ऑफिसात तक्रारींचा फोन तीच घ्यायची. शिव्या तिनं ऐकायच्या आणि टाळ्या ह्यानं घ्यायच्या, अशी कामाची वाटणी.

होळीच्या जरा आधीची गोष्ट. विनीता नावाच्या एका गिऱ्हाईक बाईनं एक तारा दिला. लिहिलं होतं अगदी साधं. रोज दुपारी नेट जातं, तीनदा फोन केला, कुणी आलं नाही, माझं नुकसान होत आहे, कृपया लक्ष द्यावं. ना शिवी, ना टोमणा. आणि तक्रार शंभर टक्के खरी होती. तिच्या शेजारच्या गच्चीवर वायरींच्या जोडणीचा एक डबा होता, त्याचं झाकण तुटलेलं. दुपारचं ऊन थेट आत जायचं, डबा तापायचा आणि त्या ओळीतल्या घरांचं नेट बसायचं. धनेशला हे पक्कं माहीत होतं. डबा बदलायचा त्याला कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

पण जवाब तर द्यायचाच. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याला कुठल्याही घराचं वायफाय उघडून बघता यायचं, कोणते फोन जोडलेले आहेत, त्यांची नावं काय, केव्हा येतात, केव्हा जातात. पॅनल म्हणायचे त्याला. त्यानं विनीताच्या घराचं पॅनल उघडलं. नवऱ्याचा फोन, तिचा फोन, टीव्ही. आणि आणखी एक फोन, जो फक्त दुपारी यायचा आणि नवरा घरी येण्याच्या आधी जायचा. त्याचं नाव, 'ऋषभ'.

धनेशचे डोळे चमकले. असा माल रोज हाती लागत नाही. त्यानं लिहिलं, "मैडम, नेट तो पूरा आ रहा है. दोपहर में आपके यहाँ ऋषभ जी का फोन भी आ रहा है. जरा उनसे पूछ के बताइए, उनको तो स्पीड बराबर मिल रही है ना?"

सुरभीनं वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे काढा. बाईमाणसाच्या घरातलं आहे हे."

"मजाक आहे यार," धनेश म्हणाला. "ती पण हसेल."

पोह्यांच्या दुकानावर त्या सकाळी जितका हशा पिकला तितका कधी पिकला नव्हता. दोघातिघांनी त्या जवाबाचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. यंदाच्या रंगपंचमीचं पहिलं टायटल पक्कं झालं म्हणाले. धनेशनं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना जिलबी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी विनीता ऑफिसात आली. पस्तिशीची असेल. साडी नीट नेसलेली, पण डोळे रडून सुजलेले, ते काही लपत नव्हते. तिनं पर्समधून एक जुनाट फोन काढला आणि धनेशच्या टेबलावर ठेवला.

"हा ऋषभ," ती म्हणाली. "सेकंडहँड घेतला मी, बाजारातून. ज्याचा आधी होता त्याचं नाव आतमध्ये तसंच राहिलंय. फोनला नाव असतं हे मला ठाऊकच नव्हतं, धनेशभाऊ."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा संजीव एका ऑफिसात हिशेब बघायचा. शांत माणूस, आवाज कधी चढवायचा नाही, त्यामुळे लोक त्याला सज्जन म्हणत. हा सज्जन रोज संध्याकाळी घरी आला की चहा घेता घेता बायकोचा फोन हातात घेऊन वरपासून खालपर्यंत तपासायचा. लग्नाआधी ती नोकरी करत होती, ती त्यानं सोडायला लावली. आता लेक मधुरिमा शाळेत रुळली होती, आणि विनीताला पुन्हा स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. म्हणून ती चोरून हा फोन घेऊन दुपारी अकाउंटिंगचा ऑनलाइन क्लास करत होती. नेट गेलं की क्लास बुडायचा. परीक्षा जवळ आली होती. म्हणून, फक्त म्हणून तिनं ती तक्रार लिहिली होती.

"यांच्या ऑफिसात कुणीतरी दाखवलं त्यांना," ती म्हणाली. "रात्रीपासून माझ्याशी धड बोलत नाहीत. मधुरिमाला घेऊन वेगळ्या खोलीत झोपले. मी क्लासचंसुद्धा सांगून टाकलं, फोन दाखवला, तर म्हणतात हा फोन त्यानंच दिला असेल. माझ्यावर ते विश्वास नाही ठेवणार. तुमच्यावर ठेवतील, नेटमधलं तुम्हाला कळतं. फक्त एक ओळ लिहा, की नाव फोनच्या जुन्या मालकाचं आहे, आमची चूक झाली. एवढंच. ते माझ्या मुलीला माझ्यापासून तोडतील हो."

सुरभी आपल्या खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. धनेशनं फोन हातात घेतला, उघडून बघितलं. बाई म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण 'आमची चूक झाली' हे शब्द त्यानं जन्मात कधी लिहिले नव्हते. उद्या दुकानावर लोक काय म्हणतील, शिलेदार माफी मागायला लागला? आणि एकदा एकाची माफी मागितली की उद्या अप्पासाहेबही उठतील.

"वहिनी, तुम्ही फारच मनाला लावून घेतलं," तो म्हणाला. "लोक दोन दिवसांत विसरतात. बघतो मी, काहीतरी करतो."

विनीता फोन पर्समध्ये टाकून गेली. ती गेल्यावर सुरभी म्हणाली, "लिहा आत्ता. माझ्यासमोर लिहा." धनेश म्हणाला, संध्याकाळी लिहितो. संध्याकाळी त्यानं लिहायला घेतलं, तर त्या जवाबाला लोकांनी इतके अंगठे दिले होते, की ते मोजण्यातच त्याचा वेळ गेला.

एक-दोन दिवसांनी संजीव स्वतःच आला, आणि आला तो ऑफिसात नाही, भर सकाळी पोह्यांच्या दुकानावर. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. त्याला आधी कुणी ओळखत नव्हतं असं नाही, पण आता जरा जास्तच ओळखत होते.

"धनेशजी, एक विचारायचं होतं," संजीव खालच्या आवाजात म्हणाला. "मिसेस म्हणते की फोन जुना घेतलाय आणि ते नाव आधीच्या मालकाचं आहे. असं होऊ शकतं का? तुम्ही म्हणालात तर मी मानेन."

हे विचारायला त्या माणसाला किती जड गेलं असेल. आणि तो आला होता, म्हणजे अजून त्याच्या मनात थोडी जागा होती. त्याला 'हो' ऐकायचं होतं. धनेशला ते कळत होतं, एवढं कळत होतं की त्याच्या हातातला घास तसाच राहिला. 'हो, माझ्या डोळ्यांनी बघितलाय तो फोन,' एवढंच म्हणायचं होतं. एका बाईचं घर तेवढ्यावर उभं होतं.

पण भोवती दहा-बारा माणसं होती, आणि सगळ्यांची तोंडं धनेशकडे. रोजची माणसं, रोजची भूक. धनेशनं घास तोंडात टाकला, चावला, गिळला.

"होऊ शकतं ना भिया," तो म्हणाला. "फोन सेकंडहँड असू शकतो. ऋषभचं काही सांगता येत नाही."

दुकान फुटलं हसण्यानं. पोहेवाल्याच्या हातातला झारा थांबला. संजीवनं नियम पाळला, तोही हसला. ओठ तेवढे हसले. मग त्यानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, "ठीक आहे" म्हणाला आणि निघून गेला. धनेशला क्षणभर वाटलं की धावत जावं आणि त्याला गाठावं. पण कुणीतरी पाठीवर थाप मारली आणि तो बसून राहिला.

मधुरिमा शाळेत गेलेली असताना विनीताला तिच्या आईकडे, देपालपूरला पोचवण्यात आलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, सज्जन माणसाचं घर ते. लेकीला सांगितलं की आई आजीकडे काही दिवस राहायला गेली आहे. विनीता फोन करायची, तो उचलला जायचा नाही. हे सगळं सुरभीला कळलं, कारण विनीतानं तिथून ऑफिसात फोन केला होता, आणि पाठोपाठ संजीवचाही आला. दारावर आणि हॉलमध्ये कॅमेरे बसवून पाहिजेत, त्याच्या ऑफिसातून बघता आले पाहिजेत, त्याला लागेल तेवढ्या स्पीडचा प्लॅन द्या. झपाट नेट कॅमेरेही बसवायचं. लाइनमन गेला आणि आता गेलाच आहे तर गच्चीवरचा तो डबाही बदलून आला. त्या ओळीतलं दुपारचं नेट त्यानंतर कधी गेलं नाही.

रंगपंचमीच्या सुमारास झपाट नेटला पाच तारे मिळाले. संजीवनं दिले होते. लिहिलं होतं, "बहुत अच्छी सर्विस. मालिक ग्राहक का पूरा ध्यान रखते हैं." धनेशनं ते दोनदा वाचलं. जवाब सुचायला त्याला पहिल्यांदाच वेळ लागला. शेवटी लिहिलं, "धन्यवाद भिया. ऐसे ही सेवा का मौका देते रहें."

सुरभीनं ते वाचलं आणि वाजणारा फोन घेतला. मंडळाच्या कार्यक्रमाला ती आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. ऑफिसात येऊन फोन घ्यायची, घरी जाऊन स्वयंपाक करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची.

एका दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या धनेशनं स्वतःच्या घराचं पॅनल उघडलं. काही कारण नव्हतं, हाताला चाळा. त्याचा फोन होता, मुलांचा टॅब होता, टीव्ही होता. सुरभीचा फोन नव्हता. त्यानं मागचे दिवस बघितले. कधीपासूनच नव्हता.

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं विचारलं, "तुझा फोन वायफायवर दिसत नाही तो?"

"काढला मी," सुरभी कणीक मळता मळता म्हणाली. "स्वतःच्या पैशानं डेटा टाकते. तुमच्या नेटवर नको मला."

का, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. कारण विनीता त्याला आठवलीच नाही. धनेश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोच्या पाठीकडे बघत होता, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की हिला लपवण्यासारखं असं आहे तरी काय. सुरभी हात धुवायला वळली, तसा त्यानं ओट्यावरचा तिचा फोन उचलला.