डोंगरावरचा आमचा उंबरा

असं काही लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मी नेमाने पोथी वाचणारा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चार पुस्तकं वाचल्यापासून मनात भक्तीपेक्षा शंकाच जास्त येतात. तरी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

आमचं गाव मुखेड तालुक्यात, रस्त्याच्या कडेला आहे. मूळ गाव मात्र वर डोंगरावर होतं. पाणी पुरेना म्हणून आजोबांच्या काळात सगळे खाली उतरले. येताना वासे, दारं, चौकटी काढून आणल्या. उंबऱ्याचे दगड तेवढे वरच ठेवले. घराचा मूळपुरुष उंबऱ्यात राहतो, त्याला हलवायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. घरात लग्न निघो की दुखणं, वर जाऊन आपापल्या उंबऱ्यावर दिवा लावायचा.

आईच्या छातीतली गाठ नांदेडच्या दवाखान्यात काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, तिच्याजवळ होती. मीही थांबणार होतो, पण आईने मला गावाकडे पिटाळलं. "तू काय डॉक्टर हाईस का? इथं बसून माझं तोंड बघण्यापरीस वर दिवा लावून ये," म्हणाली. दगडावर तेल जाळून गाठ बदलते का, हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि एसटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या पायथ्याला एक मोटारसायकल उभी दिसली. नंबर तेलंगणाचा. गेल्या वर्षापासून आमच्या डोंगरावर गुप्तधनासाठी खोदणारे येतात. उंबऱ्याखाली हंडे पुरलेत अशी कुणीतरी आवई उठवली आहे. मी नंबरचा फोटो काढून ठेवला आणि वर चढलो. पडक्या भिंती आणि तरवडाची झुडपं ओलांडून आमच्या घराच्या जागेवर पोचलो, तर साठीचा एक माणूस पहार घेऊन उभा. आमचा उंबरा उखडून बाजूला पडलेला. बाभळीच्या फांद्या ओढून तो एक खड्डा झाकत होता.

माझं डोकं फिरलं. मी त्याला सरळ चोर म्हणालो. तो शांतपणे सांगू लागला, की खोदणारे दुसरेच, त्याचे आजोबा याच गावचे होते. मला पटलं नाही. सापडल्यावर कुणीही हेच सांगेल. पहारीसकट त्याचा फोटो यावा म्हणून मी मोबाईल धरून मागे सरू लागलो.

"मागं नको, बाबू," तो म्हणाला.

फोटो टाळायला बघतोय, असं वाटून मी मुद्दाम आणखी एक पाऊल मागे टाकलं. पाय टेकलाच नाही. खड्डे दोन होते, दुसरा माझ्या पाठीमागे गवतात. त्याने झेप घेऊन माझं मनगट धरलं, मीही त्याचा हात घट्ट धरला आणि त्याने मला वर ओढलं. दिव्यासाठी आणलेली माझी तेलाची बाटली खाली दगडावर फुटल्याचा आवाज आला, तेव्हा खोली कळली.

आदल्या दिवशी एक शेळी त्यात पडलेली त्याने पाहिली होती. म्हणून आज तो पहारीने काटे रोवायला आला होता. त्याचे आजोबा बाकीच्यांच्या आधीच गाव सोडून निजामाबादकडे गेले, ते परतले नाहीत. तो दोन दिवस स्वतःचा उंबरा शोधत होता; ओळखून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. का कोण जाणे, मी त्याला आईचं सगळं सांगितलं. तो उठला. ज्या पहारीवर मी संशय घेतला, तिनेच आम्ही दोघांनी दगड पुन्हा जागेवर बसवला. मग त्याने आपल्या पिशवीतून तेल काढलं.

"माझा घावंना. तुमच्या दिव्यात माझी एक वात ठिवू का?"

एका पणतीत दोन वाती लागल्या. मूळपुरुषाला, आईला बरं करा, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण हात जोडले आणि ते मागणं राहूनच गेलं. तुमच्यावर सोपवलं, एवढंच मनात आलं.

खरं सांगायचं तर उतरताना संशय पुन्हा आलाच: मी गेल्यावर हा खोदणार तर नाही? सकाळी खात्री करायला मी परत वर चढलो. पणती जळून विझली होती, उंबरा जागेवर होता आणि दोन्ही खड्ड्यांना पक्कं काटेरी कुंपण होतं. माणूस निघून गेला होता. मी नंबरचा फोटो पुसला, आणि मग लक्षात आलं की त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

दिव्याने काही झालं असं मी म्हणत नाही. गाठ जी होती ती दिव्याआधीच ठरलेली होती, एवढं मला कळतं. पण तोल गेला तेव्हा हात कुणाचा, हे मी तपासलं नव्हतं. फक्त धरला होता. एरवी मला ते का जमत नाही, हे मी स्वतःला विचारत राहिलो. उरलेले दिवस मी भीती बाळगून, पण मनाशी न भांडता काढले.

आठव्या दिवशी अक्काचा फोन आला. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, "साधी गाठ हाय म्हणले. आई जेवायली."