माना घुसळणारी पोरं

मी पदवीधर झालो तो राऊत सरांमुळे. परवा मुलीच्या काळ्या टी-शर्टवरची कवटी पाहिली आणि डहाणूच्या कॉलेजातलं नव्वदीच्या सुरुवातीचं गॅदरिंग आठवलं.

सरांचा भाचा मुंबईहून हेवी मेटलचा बँड घेऊन आला होता. भर दुपारी मांडवाचे पत्रे थरथरत होते. ‘युद्धात मेलेली पोरं कुणाची, देवा?’ असं गायक इंग्रजीत ओरडत होता आणि सर मला कानात अर्थ सांगत होते. लांब केसांची पोरं माना घुसळत होती. देवाशी भांडावं तर असं तोंडावर, असं मला वाटलं.

“वेडी वाटतात का रे ही?” सरांनी विचारलं.

“नाही सर. मनापासून करतायत.”

“मग बाबांना वेडा का म्हणतोस?”

माझे बाबा तलासरीकडच्या आमच्या पाड्याचे भगत. दसऱ्याला त्यांच्या अंगात देव आला की थोरल्या मुलाने, म्हणजे मी, त्यांना धरायचं, ही रीत. कॉलेजात गेल्यापासून लाजेने मी ते सोडलं होतं आणि सरांपाशी त्यांना वेडा म्हणालो होतो.

पुढच्या दसऱ्यानंतर सरांना पत्र टाकलं: ‘सर, यंदा बाबांना मीच धरलं. देव आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण त्यांचं अंग किती तापतं, ते हातांना कळलं.’