रिस्पाचं गोणपाट

आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हा स्मशानाच्या कडेलाही त्याला पुरू द्यायला गावकीने नकार दिला. मग आमच्याच भातखाचराच्या बांधाला खड्डा घेतला. खाली कातळ लागल्याने तो जेमतेम गुडघाभर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आई तिथे गोणपाट टाकून, काठीने कुत्री हाकत बसली.

तिसऱ्या दिवशी मी भोरहून पत्रकं छापून आणली. ‘मेलेल्या माणसाला माती नाकारणाऱ्या गावाचा धिक्कार!’ हे तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

“आक्षार झाक हाय,” ती म्हणाली. “आपल्या बायबलातल्या रिस्पानं कायबी लिवलं न्हवतं. राजानं तिची पोरं फासावर दिली, मढी उघड्यावर ठिवली. ती खडकावर गोणपाट टाकून पाखरं हाकत ऱ्हायली. मंग राजालाच लाज वाटली, त्यानं हाडं पुरली.”

“हितं कुणाला लाज हाय, आई?”

“न्हाई. पर कुत्री हायेत.”

तिने काठी माझ्या हातात दिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच भाकरी खायला घरी गेली. दफनासाठी जागा मागणारा आमचा अर्ज अजून तहसील कचेरीत पडून आहे.